पांढरीवर नांगर खोल घालू नकोस

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की हरभरा निघाला, आता नदीकडची पांढर जेसीबी लावून सपाट करायची, म्हणजे केळीला सलग पट्टा मिळेल. मी नुसतं ‘थांब’ म्हणालो. का थांब, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचली की जमीन उजळ होते. त्यामुळे नदीकाठी काळ्या रानात मधेच राखाडी उंचवटा दिसला, तर तिथे कधीतरी गाव नांदत होतं असं समजावं. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, गिरणेकाठी बहाळ, साक्री तालुक्यात कवठे, या सगळ्या ठिकाणी खोदकाम होऊन जुन्या वस्त्या उजेडात आल्या. तापीकाठच्या सावळदा गावावरून तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. चार हजार वर्षांपूर्वी हीच जमीन कसणारी ती माणसं. आपल्याआधी इथे पेरणी करणारे आपले थोरलेच म्हण ना.

आता माझी चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मीही माझी पांढर विकली. त्या मातीला तेव्हा मागणी होती. कुणी खत म्हणून शेतात टाकी, कुणी घराच्या धाब्याच्या छतावर पसरी. तिसऱ्या दिवशी बकेटच्या दातांत दोन मडकी आली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एक फुटलं. आत बोटाएवढी बारीक हाडं होती आणि तळाशी राखेसारखी मऊ माती. मी बघत उभा राहिलो आणि ड्रायव्हरने ते सगळं ट्रॉलीत ओतलं. पुढे कळलं, त्या काळी लेकरू गेलं की घराच्या जमिनीखाली असंच दोन मडक्यांत पुरत. कुणाचं तरी लेकरू मी चारशे रुपये ट्रॉलीने विकलं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून सांगतो. शेती सोडू नकोस, फक्त खोल जाऊ नकोस.

आजवर तिथे वखर आणि बैलनांगर जिथवर गेला, तिथवरचं सगळं आधीच उलथंपालथं झालंय. त्यातली खापरं सुटी झालीत. त्याखाली मात्र घराची जमीन, चूल, धान्य साठवायचा खड्डा जागच्या जागी असतो, आणि खरी माहिती त्या जागेतच असते. कुठलं खापर कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं, त्यावरून काळ आणि राहणी कळते. पलटी नांगर फुटभर खाली गेला की एका तासात ते पान फाटतं. खापर हातात उरतं, पण ते काय सांगत होतं ते जातं.

यातली एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नांगराची खोली वाढवली नाही तरी उंचवटा दरवर्षी थोडा थोडा कापला जातो. पावसाने वरची माती उताराला वाहते, आणि पुढच्या साली तेवढाच नांगर तेवढाच खाली नवा थर फाडतो. म्हणून माती धरून ठेवणं हेच पहिलं काम. उताराला आडवी वखरणी कर. बांध घालायचा तर त्यासाठी पांढरीतली माती उकरू नकोस, बाहेरून आण. माझं ऐकशील तर वरच्या भागात मारवेल किंवा पवना गवत लाव. एकदा जम धरला की वर्षानुवर्षं नांगरायला नको, मुळं माती बांधून ठेवतात आणि तुझ्या म्हशींना चारा होतो. केळी खालच्या काळीत चांगली येईल. पांढरीवर तिचे खड्डे नकोत, लिंबू-आंब्याचे तर नकोतच, त्यांची मुळं भिंतींच्या फटींत शिरतात. ठिबकची मुख्य लाइन उंचवट्याला वळसा घालून ने. पाइप थोडा जास्त लागेल, लागू दे. शेततळं तिथे मुळीच नाही.

हद्द कशी ओळखायची? पहिल्या दमदार पावसानंतर सकाळी शेतात फिर. माती धुऊन खापरं वर आलेली असतात. ती जिथे विरळ होत जातात तिथे खूण कर. उन्हाचा ताण बसल्यावर पीक एका सरळ रेषेत आधी सुकताना दिसलं, तर खाली भिंतीचा पाया असू शकतो.

काही वर आलंच, तर धुऊ नकोस, खाली उकरत बसू नकोस. शेजारी विळा ठेवून फोटो काढ, जागा लिहून ठेव आणि तलाठ्याला व पुरातत्त्व खात्याला कळव. दहा रुपयांवरच्या किमतीचं काही जमिनीत दडलेलं सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, हा कायदा १८७८ पासून आहे. ‘खातं शेत घेईल’ असं गावात कुणीतरी म्हणेलच. चार खापरं सापडल्याने शेत जात नाही. केंद्राला एखादी जागा संरक्षित करायची झाली तरी आधी सूचना निघते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. मला जास्त भीती वाटते ती गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांची. अमावास्येला कुदळ घेऊन येणारे अजून आहेत. शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव, की तिथे हंडा नाही, राख आणि खापरं आहेत, आणि रात्री कुणी दिसलं तर हाक मारायची.

बांधावरचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, ज्यावर तुझी आई कपडे आपटते, तो मात्र बाजूला करू नकोस. आहे तिथेच राहू दे. कपड्यांसाठी दुसरा दगड मी देतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी येतो. दोरी आणि बाभळीच्या खुंट्या माझ्याकडे आहेत. सकाळच्या उन्हात दोघं मिळून हद्द आखू. तोवर जेसीबीवाल्याला फोन कर आणि आगाऊ दिलेले पैसे खालच्या चारीच्या कामात वळते करून घे.

तुझा,
काका