अभियांत्रिकीच्या पदवीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान कशासाठी?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतच वाढली असून आता तेथील एका कॅथलिक विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेण्याच्या विचारात आहे. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान म्हणजेच थिऑलॉजी हे विषय तेथे सर्वांना सक्तीचे आहेत. आम्ही कॅथलिक नाही. या विषयांपायी तिचे इंजिनिअरिंग कच्चे तर राहणार नाही ना, आणि तिच्यावर धर्माचा आग्रह तर होणार नाही ना? – एक वाचक

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर बव्हंशी आकड्यांतच मिळते. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबेट या संस्थेच्या निकषांनुसार गणित व मूलभूत विज्ञानाचे किमान 30 आणि अभियांत्रिकी विषयांचे किमान 45 श्रेयांक (क्रेडिट) असावे लागतात, आणि मान्यता हवी असेल तर या अटीतून कॅथलिक विद्यापीठाचीही सुटका नसते. पदवी साधारणपणे 120 ते 130 श्रेयांकांची असते. उरलेल्या जागेतला काही भाग विभाग आणखी तांत्रिक विषयांसाठी घेतो आणि बाकीच्यात मानव्यविद्या बसतात. तांत्रिक शिक्षणाला व्यापक शिक्षणाची जोड असावी, ही अपेक्षाही एबेटचीच आहे. इतर अनेक विद्यापीठांत हे विषय विद्यार्थी बऱ्याच अंशी आपल्या मर्जीने निवडतो, तर येथे त्यांपैकी काही ठरलेले असतात. याची किंमत मात्र मोजावी लागते : ऐच्छिक विषयांना जागा कमी उरते, सत्रे भरगच्च होतात, आणि पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस मागे पडले तर पुढचे सगळे वेळापत्रक ओढाताणीचे होते.

तत्त्वज्ञानासारख्या विषयांच्या या व्यापक शिक्षणाला लिबरल आर्ट्स म्हणतात. हे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर काव्य आणि इतिहास येतात, पण मध्ययुगीन युरोपात या नावाखाली ज्या सात विद्या शिकवल्या जात, त्यांत अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र अशा चार विद्या होत्या. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने 1599 साली आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी जी शिक्षणपद्धती निश्चित केली तिच्यातही गणिताला स्थान होते, आणि त्यासाठी आग्रह धरणारा ख्रिस्तोफर क्लेव्हियस हा 1582 च्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या कामातला एक प्रमुख गणिती होता. अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने सिव्हिल इंजिनिअरिंगचे शिक्षण 1873 मध्ये सुरू केले. तेथेच रसायनशास्त्र शिकवणारे धर्मगुरू ज्युलियस न्यूलंड यांच्या ॲसिटिलीनवरील संशोधनातून पुढे निओप्रीन या कृत्रिम रबराची वाट मोकळी झाली.

मग तत्त्वज्ञानाने सिव्हिल इंजिनिअरच्या पदरात नेमके काय पडते? 17 जुलै 1981 रोजी कॅन्सस सिटीतील हायट रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल एकमेकांवर कोसळले आणि 114 माणसे मेली. मूळ आराखड्यात एकच सलग पोलादी सळई वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत जाणार होती. जोडणी सोपी व्हावी म्हणून तिच्या जागी दोन वेगळ्या सळया आल्या, त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. ते कोणी केलेच नाही, आणि तरीही रेखाचित्रांवर अभियंत्याचा शिक्का उमटला. पुढे दोन अभियंत्यांना मिसुरी राज्यातील परवाना गमवावा लागला.

तेराव्या शतकातील कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने घडवण्याचे कौशल्य आणि वागण्यातला विवेक यांत जो भेद केला, तो येथे नेमका लागू पडतो. जाणूनबुजून चूक करणाऱ्या कारागिराच्या कौशल्याला त्या चुकीने कमीपणा येत नाही, परंतु जाणूनबुजून चुकीचे वागणाऱ्याचा विवेकच उणा ठरतो, असे त्याचे म्हणणे आहे. अभियंता वस्तू घडवतो आणि त्याच वेळी कागदावर सहीही करतो. पहिल्या कामाची परीक्षा पदोपदी होते, दुसऱ्याची सहसा होत नाही. व्यावसायिक आचारसंहिता वाचून नियम समजतात, पण घाईच्या दिवशी सही रोखण्याची बुद्धी घडवायला माझ्या मते एका सत्राचा नीतिशास्त्राचा तास पुरत नाही.

दुसरी शंका थोडक्यात. ईशज्ञानाचा वर्ग हा अभ्यासाचा वर्ग असतो : ग्रंथ वाचणे, युक्तिवाद तपासणे, निबंध लिहिणे. गुण श्रद्धेला नव्हे, मांडणीला मिळतात, आणि या विद्यापीठांत इतर धर्मांचे व कोणताच धर्म न मानणारे विद्यार्थीही शिकतात. परिसरात चर्च असेल, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना होईल, सुट्ट्या त्या परंपरेप्रमाणे असतील. हे वातावरण भाचीला रुचते का, हे तिनेच तेथे एक-दोन दिवस राहून ठरवावे.

विद्यापीठाच्या माहितीपत्रकापेक्षा तिने सिव्हिल विभागाचा सत्रवार आराखडा मागवून घ्यावा. नीतिशास्त्र शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पाच्या आधी येते की नंतर कुठेतरी ढकललेले आहे, आणि प्रकल्पाचे मार्गदर्शक त्या विषयाचा उल्लेख तरी करतात का, हे तिने वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे. दोन्ही शिक्षणे केवळ शेजारी शेजारी नांदत असतील, तर मी तिला त्याऐवजी तीन अधिक दोन वर्षांची योजना पाहायला सांगेन. तिच्यात आधी लिबरल आर्ट्स महाविद्यालयात आणि मग अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून दोन पदव्या मिळतात. त्यासाठी एक वर्ष आणि त्या वर्षाचे शुल्क जास्त लागते.