आधी गुणतक्ता वाचायला शिक

प्रीमियरशिप रग्बी, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, बघायला लागतोयस, तर एक सांगतो. थेट अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नकोस. २०२३-२४चा मोसम घे. वॉस्प्स, वूस्टर आणि लंडन आयरिश आर्थिक डबघाईने बाहेर पडल्यामुळे दहाच संघ उरले होते, त्यामुळे नावं पटकन लक्षात राहतात. प्रत्येकाचे १८ सामने, पहिले चार उपांत्य फेरीत.

नवख्याची गाडी अडते ती गुणांवर. तक्त्यात विजयाला ४, बरोबरीला २, इथवर सोपं. पण चार ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) केल्या की १ बोनस, आणि सामना सात किंवा कमी गुणांनी हरलास तरी १. म्हणून दहा गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मारताना दिसला तर हसू नकोस. ते तीन गुण सामन्यासाठी नसतात, तक्त्यासाठी असतात. मी पहिलं वर्षभर हसत होतो.

न्यूकासल त्या मोसमात अठराच्या अठरा हरलं, तरी पुढच्या वर्षी हजर! खालच्या विभागातला विजेता संघ मैदानाच्या निकषांत बसला नाही, म्हणून. मला हे अजूनही पटत नाही.

मग ८ जून २०२४चा, लंडनच्या ट्विकनम मैदानावरचा बाथ विरुद्ध नॉर्थहॅम्प्टन अंतिम सामना बघ. बाथच्या ओबानोला पहिल्या अर्ध्या तासातच लाल कार्ड. पंधराऐवजी चौदा जणांनी तरी बाथने २१-१८ अशी आघाडी घेतली. शेवटच्या दहा मिनिटांत नॉर्थहॅम्प्टनच्या मिचेलची ट्राय, २५-२१. तो खेळ बघताना चेंडूपेक्षा बाथच्या बचावाच्या रांगेतली ती एक रिकामी जागा शोधत राहा.