इंग्लंडहून आणलेल्या डिजिटल रेडिओवर सांगलीत एकही स्टेशन का लागत नाही? स्क्रीनवर कार्यक्रमाची माहिती कशी बघायची?

सेट बिघडलेला नाही. खोक्यात घालून परत पाठवायची घाई करू नका.

त्यावर डीएबी (युरोपातली डिजिटल रेडिओची पद्धत) लिहिलंय ना? डीएबी 174 ते 240 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि भारतात त्याची नियमित सेवाच नाही. सांगली सोडा, मुंबईतही नाही. फुल स्कॅन 5ए पासून 13एफ पर्यंतचे सगळे ब्लॉक, म्हणजे त्या पट्ट्याचे कप्पे, चाळतं आणि शून्य दाखवतं, ते खरंच सांगतं. आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत निवडली. ती मुख्यतः मध्यम लहरींवर आहे आणि डीएबी सेटला ती कळत नाही.

मिरजेतल्या एका घरी जावयाने असाच सेट आणला होता. सासरे म्हणाले, अँटेना तोकडी पडते. मग गच्चीवर तांब्याची तार गेली, तीही जिन्यातल्या एलईडी दिव्याच्या वायरीला चिकटून. डीएबी शून्यावरच राहिलं आणि एफएमलाही खरखर सुरू झाली. दुकानदाराने ॲडाप्टर बदलून दिला, त्यानेही काही फरक पडला नाही. शेवटी तार काढली, दांडीची अँटेना पूर्ण ओढून सेट खिडकीत उभा केला आणि मोडच्या बटणाने एफएम लावलं. तरी स्कॅन पुढेच पळायचं. मेनूत 'स्कॅन सेटिंग' म्हणून एक जागा असते, तिथे 'फक्त जोरदार स्टेशनं' निवडलेलं होतं. ते 'सर्व स्टेशनं' केलं, ऑडिओ सेटिंगमध्ये मोनो (डावा-उजवा वेगळा न करता एकच आवाज) सक्तीचं केलं, तेव्हा कमकुवत स्टेशनंही स्वच्छ लागली. स्टिरिओला सिग्नल जास्त लागतो, म्हणून मोनोत खरखर कमी होते. सासरे अजूनही म्हणतात की सेट स्वस्तातला आहे. असो.

माहितीसाठी इन्फो किंवा डिस्प्लेचं बटण पुन्हापुन्हा दाबा. एफएमवर आरडीएस (आवाजाबरोबर जाणारी अक्षरी माहिती) पाठवणारं स्टेशन असेल तर आठ अक्षरांचं नाव, मग 64 अक्षरांपर्यंतची ओळ आणि कार्यक्रमाचा प्रकार एकेक करून येतो. स्टेशन लागल्यावर थोडा वेळ थांबा, माहिती सावकाश जुळते. आवाज ठीक आणि नाव अर्धवट, म्हणजे सिग्नल काठावर आहे; अँटेना फिरवा. आवाज खणखणीत असून नुसताच आकडा दिसला, तर ते स्टेशन आरडीएस पाठवत नाही. त्याला सेट काय करणार? बिटरेट आणि ब्लॉकचं नाव डीएबीवरच दिसतं, ते इथे शोधत बसू नका.

आता माझं भांडण. आकडे दिसतात म्हणून रेडिओ डिजिटल होत नाही. बाजारात डिजिटल म्हणून विकले जाणारे बहुतेक सेट ॲनालॉगच असतात, फक्त काट्याच्या जागी आकडे. आणि सांगली आकाशवाणी ऐकायची असेल तर ती मध्यम लहरींवर 1251 किलोहर्ट्झला आहे. बहुतेक डीएबी सेटमध्ये मध्यम लहर नसतेच. म्हणजे इंग्लंडचा महागडा सेट गप्प आणि आजोबांचा काट्याचा ट्रान्झिस्टर बोलतोय. मी तर ट्रान्झिस्टरच ठेवीन.

आकड्यांचा मध्यम लहरीचा सेट घेणार असाल तर पायरी, म्हणजे एका दाबात आकडा किती सरकतो ती, 9 किलोहर्ट्झची आहे ना, बघून घ्या. अमेरिकेसाठी बनवलेला सेट 10 ने उड्या मारतो. मुंबई आकाशवाणीचं 1044 किलोहर्ट्झ मग 1040 आणि 1050 च्या मधे पडतं आणि सापडत नाही. बऱ्याच सेटवर रेडिओ बंद असताना 9/10 लिहिलेलं बटण दाबून धरलं की पायरी बदलते. या लहरीला दांडीची अँटेना ओढून उपयोग नाही. आत फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) रॉड असतो, तीच इथली अँटेना, म्हणून सेटच फिरवून बघा. आणि मोबाईलचा चार्जर काढून ठेवा, त्यानेही खरखर येते.

एक राहिलं: वरचं एफएमबद्दलचं सगळं सांगलीच्या सपाटीला धरून आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या आडोशाला राहत असाल तर एकाच गल्लीत दोन घरांत वेगळा अनुभव येईल. आणि काही नव्या गाड्यांमध्ये डीआरएम आधीच बसवलेलं असतं. गाडी असेल तर रेडिओच्या मेनूत ते नाव आधी शोधा.

हो, घड्याळ. डीएबी सेट वेळ प्रसारणातून घेतो, ते नसल्यामुळे 00:00 वर अडकतो. वेळेच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करा आणि हाताने लावा, नाहीतर गजर वाजणार नाही.