चेर्नोबिलला इतकी वर्षं झाली, तरी जर्मनीतल्या रानडुकरांच्या मांसात सीझियम अजून का सापडतं?

तुम्ही विचारलंय की सीझियम या किरणोत्सारी धातूचं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) ३० वर्षं असेल, तर एव्हाना रानडुकरांमधलं प्रमाण निम्म्याहून खाली यायला हवं होतं. त्याच जंगलातल्या हरणांत ते उतरलं आणि डुकरांत नाही, असं का? शिवाय तुम्ही शिकायला म्युनिकला येताय, तर इथली जंगली अळंबी खावी की नाही? मी राहुरीला कृषी शिकले, माती हाच विषय घेऊन पुढे बव्हेरियात आले आणि इथेच राहिले. त्यामुळे उत्तर मातीच्या बाजूने देते. डुकराचं कोडं सुटतं तेही मातीतच.

तुमचं गणित बरोबर आहे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीतून जेवढं सीझियम-१३७ बाहेर पडलं, त्यातलं निम्मं २०१६ पर्यंत संपलं आणि २०२६ साली साधारण चाळीस टक्के उरतं. पण अर्धायुष्य फक्त अणू किती उरले ते सांगतं. उरलेल्यांपैकी किती अणू मुळांना, बुरशीला, जनावराला मिळतात, हा हिशोब निराळा आहे.

आधी जे जर्मनीत फारसं पोचलंच नाही ते बाजूला काढू. प्लुटोनियम आणि बरंचसं स्ट्रॉन्शियम जड कणांबरोबर अणुभट्टीच्या आसपासच पडलं. आयोडीन-१३१ दूरवर गेलं, पण त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या काही भागांत गवत, गाय, दूध या वाटेने ते मुलांच्या थायरॉइडमध्ये शिरलं आणि फार मोठं नुकसान करून गेलं. जमिनीत मात्र दोन-तीन महिन्यांत त्याचा मागमूस राहिला नाही. सीझियम वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर गेलं आणि जिथे पाऊस लागला तिथे उतरलं. एप्रिल संपता संपता दक्षिण बव्हेरियावर गडगडाटी पाऊस झाला. म्हणून आल्प्सचा पायथा आणि बव्हेरियन फॉरेस्ट या पट्ट्यात ते जास्त आहे आणि उत्तर जर्मनीत बरंच कमी. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांतही फरक पडतो, कारण त्या दिवशी एका गावावर सर आली आणि दुसऱ्यावर नाही.

आता माती. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी पाठ असते. सीझियम रसायनाच्या दृष्टीने पालाशाचा, म्हणजे पोटॅशियमचा, भाऊबंद आहे. रोपाला पालाश हवं असतं आणि ते ओढून घेण्याच्या वाटा मुळांत असतात. त्याच वाटांनी सीझियम आत शिरतं. जमिनीत पालाश भरपूर असेल तर सीझियमला जागा कमी मिळते. बेलारूसमध्ये आणि नंतर फुकुशिमाच्या भातखाचरांत पालाशयुक्त खत जास्त देण्यामागे हेच कारण होतं. विशेष तंत्रज्ञान काही नाही, पोटॅशची गोणी.

दुसरी गोष्ट चिकणमातीची. इलाईट जातीच्या चिकणमातीचे कण एकावर एक थर असलेले असतात आणि त्यांच्या कडा जुन्या वहीच्या पानांसारख्या सुटलेल्या, उसवलेल्या असतात. सीझियमचा आयन नेमका त्या फटीत जाऊन बसतो आणि मग तो काढणं महाकठीण. पिकाच्या जमिनीत असं झालं. नांगरट झाली, सीझियम खालीवर मिसळलं, चिकणमातीने धरून ठेवलं, वर खतातून पालाश मिळत राहिलं. काही वर्षांतच जर्मनीतल्या शेतमालातलं सीझियम नगण्य झालं. ते जमिनीतून गेलेलं नाही, तिथेच आहे. पिकाच्या हाती लागत नाही, इतकंच.

जंगलात यातलं काहीच होत नाही. तिथे नांगर नाही, खत नाही. वरचा थर पडलेल्या सूचिपर्णांचा आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा. आम्लधर्मी आणि पालाशाला भुकेलेला. चिकणमाती असलीच तर त्याच्या खाली. अशा ठिकाणी झाडं पालाशाचा कण न् कण पुन्हा पुन्हा वापरतात: मुळांनी घ्यायचं, पानांत पोचवायचं, पान गळलं की बुरशीने ते कुजवायचं आणि पुन्हा मुळांकडे. सीझियम त्याच चक्रात अडकलं. बुरशीचे धागे ते धरून ठेवतात, म्हणून पावसाने ते खालीही वाहून जात नाही. काही ठिकाणी ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर खाली सरकतं. हा मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगल, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची माती) आणि पिकाची जमीन यांतला हा फरक ओळखायला तज्ज्ञांनाही जड गेलं होतं. १९८६ च्या जूनमध्ये ब्रिटनने कंब्रिया आणि वेल्सच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा ती तीन आठवड्यांत उठेल असं सांगितलं गेलं होतं. तो अंदाज चिकणमातीच्या अनुभवावरून बांधलेला होता आणि त्या टेकड्यांवर पीटची जमीन निघाली. शेवटचे निर्बंध २०१२ साली उठले. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षं झाली! मधल्या काळात मेंढपाळांनी काढलेला मार्ग साधा होता. मेंढ्या विकण्याआधी खालच्या कुरणात आणून चारायच्या. शरीरातलं सीझियम लघवी-शेणावाटे जातंच, स्वच्छ चारा मिळाला की मांसातलं प्रमाण काही आठवड्यांत खाली येतं. जनावराच्या अंगात ते टिकून राहत नाही, रोजच्या खाण्यातून पुन्हा भरलं जातं. डुकराचं कोडं इथूनच उलगडायला लागतं.

हरीण खातं कोवळा पाला, गवत, झुडपांचे शेंडे. त्यांतलं सीझियम वर्षांगणिक घटत गेलं, म्हणून हरणातलंही घटलं; फक्त पावसाळी शरदात अळंबी उगवली की आकडे थोडे वर जातात. रानडुक्कर खातं काय? उन्हाळ्यात शेजारच्या शेतातला मका, शरदात ओक आणि बीचची फळं, आणि यातलं काही मिळेनासं झालं की, मुख्यतः हिवाळ्यात, नाकाने जमीन उकरून जे सापडेल ते. त्यात त्याची आवडती गोष्ट म्हणजे हिर्शट्र्युफेल नावाची जमिनीखाली वाढणारी, सुपारीएवढी बुरशी. माणूस ती खात नाही. ही बुरशी सीझियम विलक्षण प्रमाणात साठवते. ज्या वर्षी ओक-बीचला भरपूर फळं धरतात त्या वर्षी डुकरांतले आकडे उतरतात आणि फळं कमी पडलेल्या हिवाळ्यात चढतात. एकाच जंगलातल्या, एकाच महिन्यात मारलेल्या दोन डुकरांत मोठी तफावत निघते ती याच कारणाने.

आता तो मिलिमीटर. १९८६ साली पृष्ठभागावर पडलेलं सीझियम या भूमिगत बुरशीच्या थरापर्यंत हळूहळू पोचतंय. वरचा थर रिकामा होत असताना खालचा भरतोय. एकीकडे किरणोत्सारी ऱ्हासाने अणू घटतात, दुसरीकडे वरून नवा पुरवठा येतो, आणि दोन्हींची वजाबाकी जवळपास शून्य राहते. अर्धायुष्याच्या हिशोबाने उतरायला हवी ती रेषा म्हणूनच सपाट दिसते.

गोष्ट इथे संपली असती, पण २०२३ साली व्हिएन्नाचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि हानोव्हरचं लायबनित्स विद्यापीठ इथल्या संशोधकांनी तिला एक कलाटणी दिली. त्यांनी बव्हेरियाच्या अकरा जिल्ह्यांतून रानडुकराच्या मांसाचे ४८ नमुने तपासले. किलोला ३७० पासून १५,००० बेकरेलपर्यंत सीझियम-१३७ मिळालं (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास). विक्रीसाठी मर्यादा ६०० बेकरेलची आहे आणि ८८ टक्के नमुने तिच्या वर होते. खरा धक्का पुढे आहे. यातलं सगळं सीझियम चेर्नोबिलचं नव्हतं. नमुन्यानुसार १० ते ६८ टक्के वाटा १९५०-६० च्या दशकांतल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांचा निघाला आणि सुमारे पाव नमुन्यांत तर फक्त बॉम्बचा वाटाही मर्यादा ओलांडायला पुरेसा होता.

हे वेगळं कसं ओळखलं, ते मला या अभ्यासातलं सगळ्यात देखणं वाटतं. सीझियम-१३७ कुठूनही आलेलं असो, सारखंच. पण त्याच्याबरोबर सीझियम-१३५ नावाचं जवळजवळ न ऱ्हास पावणारं समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) असतं, अर्धायुष्य दहा लाख वर्षांहून जास्त. ते थेट फार तयार होत नाही. आधी झेनॉन-१३५ बनतं आणि काही तासांत त्याचं सीझियम-१३५ होतं. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा सतत चालू असतो आणि झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत. म्हणून त्यातलं पुष्कळसं सीझियम होण्याआधीच झेनॉन-१३६ बनून जातं. बॉम्बमध्ये न्यूट्रॉनचा मारा क्षणात संपतो, झेनॉनला कोणी हात लावत नाही, त्यामुळे सीझियम-१३५ चं प्रमाण जास्त राहतं. दोन्हींचं गुणोत्तर मोजलं की माल कुठला ते कळतं. (अपघाताच्या रात्री चेर्नोबिलच्या चालू भट्टीची शक्ती नको तितकी खाली घसरली, त्यातही याच झेनॉनचा हात होता. म्हणजे त्या अपघातातला एक आरोपी पुढे तपासातला साक्षीदारही झाला.)

बॉम्बचं सीझियम वीस-पंचवीस वर्षं आधी पडलेलं, म्हणून जमिनीत जास्त खोल. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी १९६३ च्या करारानंतर वातावरणातल्या चाचण्या थांबवल्या. फ्रान्स आणि चीन त्यानंतरही करत राहिले, चीनची शेवटची १९८० साली झाली. ही धूळ जगभर बसली, आपल्याकडच्या मातीतही ती अल्प प्रमाणात आहे. मातीची धूप मोजणारे लोक तिचा उपयोगही करून घेतात: उतारावर सीझियम कमी आणि पायथ्याला जास्त मिळालं, तर वरची माती किती वाहून गेली याचा अंदाज येतो.

तुम्हाला कदाचित घरच्या मोठ्यांकडून आयर्लंडच्या लोण्याचा किस्सा ऐकायला मिळेल. चेर्नोबिलनंतर मुंबईत आलेल्या आयरिश लोण्यावरून वाद पेटला, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ साली तिच्या अहवालावरून ते लोणी सुरक्षित ठरलं. लोकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्या काळात कोणीच धड माहिती देत नव्हतं. पण घुसळण करणाऱ्याला पटेल असं कारण त्या लोण्याच्या बाजूनेही होतं. सीझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धांशात नाही. दुधात असलंच तर ते मुख्यतः ताकात जातं, लोण्यात फार थोडं येतं.

आता तुमच्या ताटाकडे. जर्मनीत दुकानात किंवा हॉटेलात मिळणारं रानडुकराचं मांस ६०० बेकरेलच्या मर्यादेखालीच असायला हवं. जास्त सीझियम असलेल्या भागांत शिकारी मारलेलं डुक्कर मोजणी केंद्रावर नेतात, मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर ते टाकून देतात आणि सरकारकडून भरपाई घेतात. ही मर्यादा विक्रीला लागू आहे. स्वतः जंगलातून आणून स्वतः खाल्लं, तर कोणी विचारत नाही.

अळंबीत जातीजातीत प्रचंड फरक आहे. बाजारातली शांपिन्यों, म्हणजे बटण अळंबी, लागवडीची असतात, त्यांची चिंता सोडा. जंगलातली तपकिरी टोपीची मारोने नावाची अळंबी सीझियम चांगलंच साठवते आणि दक्षिण बव्हेरियात तिच्यासारख्या काही जातींत आजही किलोला हजाराहून जास्त बेकरेल निघतात. ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून हिशोब करू. किलोला ३,००० बेकरेल असलेली २०० ग्रॅम अळंबी खाल्ली तर पोटात ६०० बेकरेल गेले. प्रौढ माणसाला त्यातून मिळणारी मात्रा साधारण ०.००८ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणारा किरणोत्सर्गाचा परिणाम मोजायचं एकक). जर्मनीत जमीन, हवा, आकाश आणि अन्नातून प्रत्येकाला नैसर्गिकपणे वर्षाला सरासरी २.१ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे ही अळंबी त्यातल्या दीड दिवसाइतकीही भरत नाही. आणि आपल्या शरीरातलं पालाश जन्मजात थोडं किरणोत्सारी असतं: ७० किलोच्या माणसात चार हजारांहून जास्त बेकरेल. कधीमधी आवडीने खायला माझी काही हरकत नाही, मी स्वतः खाते. गरोदरपणात आणि लहान मुलांना मात्र मी देणार नाही; सहज टाळता येतं ते घ्यायचं कशाला? आठवड्यातून दोनदा फ्रीजरमधलं शिकारीचं रानडुक्कर खाणारं घर असेल, तर त्यांनी मांस मोजून घ्यावं, इतकंच.

जंगलात टोपली घेऊन जाणार असाल तर भीती दुसऱ्याच अळंबीची बाळगा. हिरवट टोपीची, बुडाशी पिशवी असलेली क्नोलेनब्लेटरपिल्त्स. बाहेरून आलेल्या लोकांना ती आपल्या देशातल्या खाण्याजोग्या अळंबीसारखी वाटते, चवीलाही वाईट नसते असं सांगतात, आणि एका जेवणात यकृत निकामी होऊ शकतं. पहिल्या वर्षी तरी जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय काही तोडू नका. तोडलंच तर घरी नेण्याआधी पिल्त्सबेराटुंगला दाखवा. अळंबी ओळखून देणारे हे लोक हंगामात म्युनिकमध्येही असतात.