कोळशात कोळसा किती? खनिजांविषयी वाचकांचे प्रश्न

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण मला कधी पटली नाही. लिग्नाइट उगाळला तर तपकिरी रेघ उमटते. आणि कुठलाही दगडी कोळसा पूर्ण जाळून पाहा, मागे राहते ती राख कधी पांढुरकी असते, कधी थेट विटकरी. त्या राखेबद्दल, म्हणजे खरं तर कोळशात दडलेल्या दगडाबद्दल, बरेच प्रश्न साठले होते. त्यातले काही आज घेतो.

मुलाला प्रकल्पासाठी दगडी कोळशाचा एक तुकडा मिळाला आहे. त्यात बारीक सोनेरी चमक दिसते आणि भेगांमध्ये पांढरे पापुद्रे आहेत. हे सोनं तर नाही ना?

नाही. सुईचं टोक दाबून बघा. सोनं असतं तर दबलं असतं, हे चुरतं. हे पायराइट, आपल्या जुन्या शब्दात लोहमाक्षिक, लोखंड आणि गंधक यांचं संयुग. फरशीच्या खरबरीत पाठीवर घासलंत तर सोनेरी नव्हे, हिरवट काळी रेघ येईल.

पांढरे पापुद्रे हा वेगळा मामला आहे. कोळशाच्या थराला आडव्या पट्ट्या असतात, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या उभ्या भेगांच्या दोन जोड्या, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. खाणकामात यांना ‘क्लीट’ म्हणतात. कोळसा तयार झाल्यावर कधीतरी या भेगांतून पाणी फिरलं आणि जाताना कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) किंवा केओलिनाइट (पांढऱ्या चिकणमातीचं खनिज) ठेवून गेलं. पापुद्रा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट, काहीच झालं नाही तर बहुधा केओलिनाइट. जुने भूवैज्ञानिक तुकडा जिभेला लावत, चिकटला तर केओलिनाइट. मुलाला ही पद्धत शिकवू नका.

एक गंमत तुमच्या भिंगातून दिसणार नाही. पायराइटचा काही भाग भेगांत उशिरा बसलेला असतो, पण बराचसा कोळशाच्या अंगातच, पीटची (कोळशाआधीच्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल जिवंत असताना तयार झालेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तुतीच्या फळासारखे घोस दिसतात: शेकडो इवल्या स्फटिकांचा एक गोळा, आकार मिलिमीटरच्या काही हजारांश भागांपासून काही शतांश भागांपर्यंत.

आणि तुकडा कोरड्या जागी ठेवा. मी एकदा पायराइटनं भरलेला नमुना पुठ्ठ्याच्या खोक्यात, दमट कपाटात ठेवून विसरलो. दोन वर्षांनी उघडलं तर वर पांढरी-पिवळी बुरशीसारखी पूड. हवा आणि ओल मिळाली की पायराइटची लोहाची सल्फेटं होतात आणि सोबत गंधकाम्ल सुटतं. त्या आम्लानं खाणीचं नाव आणि थराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठीच खाऊन टाकली. नमुना अजून आहे, पण कुठला ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

बॉयलर विभागात काम करतो. प्रयोगशाळेचा अहवाल ‘राख ३२ टक्के’ म्हणतो. म्हणजे कोळशात ३२ टक्के माती होती असं समजायचं का?

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो, कारण ही चूक अनुभवी लोकही करतात. राख कोळशात नसतेच. राख भट्टीत तयार होते. कोळशात असतात ती खनिजं, आणि ७५० किंवा ८१५ अंश सेल्सिअसला जाळताना त्यातलं प्रत्येक खनिज आपापल्या परीनं बदलतं.

हिशेबच मांडू. समजा १०० ग्रॅम कोळशात ३० ग्रॅम केओलिनाइट, ५ ग्रॅम कॅल्साइट आणि ५ ग्रॅम पायराइट आहे. एकूण खनिज ४० ग्रॅम. केओलिनाइटच्या रचनेत अडकलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांत निघून जातं, ते वजनाच्या १४ टक्के. उरले २५.८ ग्रॅम. कॅल्साइटमधला कार्बन डायऑक्साइड गेला की ४४ टक्के वजन गेलं, उरले २.८. पायराइटमधला गंधक जळून जातो, लोखंड ऑक्सिजन घेऊन हेमॅटाइट होतं, उरतात ३.३. बेरीज जवळजवळ ३२. तुमच्या अहवालात ३२ लिहिलं गेलं, कोळशात मात्र ४० होते. आणि ही राख किंचित तांबूस दिसेल, त्या हेमॅटाइटमुळे.

त्यात आणखी एक भानगड आहे. कॅल्साइटपासून झालेला चुना पायराइटमधून निघालेला गंधक वाटेतच पकडून कॅल्शियम सल्फेट करू शकतो, मग राखेचं वजन थोडं वाढतं. किती, ते भट्टी किती वेगानं तापवली आणि हवा कशी खेळत होती यावर. म्हणून एकाच नमुन्याच्या राखेचे दोन आकडे किंचित वेगळे आले की लगेच रसायनज्ञाला दोष देऊ नका.

उलट्या हिशेबासाठी, म्हणजे राखेवरून मूळ खनिजं किती ते काढायला, पार (Parr) या रसायनज्ञाचं सूत्र वापरतात: राख गुणिले १.०८, अधिक गंधक गुणिले ०.५५. आपल्या उदाहरणात गंधक २.७ टक्के येतो आणि सूत्र सांगतं सुमारे ३६. खऱ्या ४० पेक्षा कमीच, कारण त्यात कार्बोनेटचा हिशेब धरलेला नाही आणि चिकणमातीतलं पाणीही हात आखडून धरलं आहे. रोजच्या कामाला सूत्र चालतं. खनिजं खरोखर जशीच्या तशी पाहायची असतील तर ऑक्सिजन प्लाझ्मामध्ये, म्हणजे विद्युतभारित ऑक्सिजन वायूत, १५० अंशांखाली, सावकाश, कित्येकदा काही दिवस लावून कोळशातला सेंद्रिय भाग जाळतात. खनिजांना फारसा धक्का लागत नाही, आणि क्ष-किरण विवर्तनानं ती एकेक ओळखता येतात.

तुमच्या बॉयलरला खरा फरक पडतो तो राखेच्या टक्क्यापेक्षा ती कशाची आहे याचा. क्वार्ट्झ (वाळूतलं कठीण खनिज) जास्त असेल तर गिरणी आणि नळ्या झिजतात. लोह आणि कॅल्शियम जास्त असेल तर राख लवकर वितळून भिंतींना चिकटते. केओलिनाइटची राख बहुतेक वेळा शहाण्यासारखी वागते.

एका ठिकाणच्या कोळशात गंधक अर्धा टक्का, दुसरीकडे पाच टक्के. एवढा फरक का? धुऊन काढता येतो का?

एका वाक्यात: दलदलीला समुद्राचं पाणी लागलं होतं की नाही हे बघा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, नदीच्या पाण्यात त्याचा अगदी किरकोळ अंश. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोखंड हाताशी असेल तर पायराइट बनतं. नसेल तर गंधक वनस्पतींच्या अवशेषांतल्या कार्बनी रेणूंनाच जाऊन चिकटतो.

भारतीय कोळसे याचं चांगलं उदाहरण आहेत. पर्मियन काळातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, गोंडवना कोळसा नद्या-तळ्यांच्या खोऱ्यांत साचला, त्यामुळे राख भरपूर, कित्येकदा ३० ते ४५ टक्के, पण गंधक बहुधा एक टक्क्याखाली. आसाम-मेघालयातला त्याहून फार तरुण कोळसा किनाऱ्यालगत तयार झाला: राख कमी, गंधक साधारण २ ते ७ टक्के. क्रोएशियातल्या राशा इथला कोळसा तर ११ टक्क्यांपर्यंत जातो.

धुण्याबद्दल: पायराइटची घनता ५, कोळशाची १.३ च्या आसपास. जड द्रवात कोळसा तरंगतो, पायराइट बुडतं. मोठे कण आणि भेगांतलं पायराइट असं निघतं, तुतीचे घोस फारसे निघत नाहीत कारण ते कोळशाच्या पोटात असतात. आणि रेणूंना चिकटलेला गंधक कितीही धुवा, जागचा हलत नाही. आसाम आणि राशा दोन्हीकडे मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे. म्हणून धुलाईचा खर्च ठरवण्याआधी ‘एकूण गंधक’ हा आकडा पुरत नाही, पायराइटमधला किती आणि सेंद्रिय किती ते वेगळं मागा.

कोळसा दाबला की हिरा होतो ना?

नाही. निसर्गातले बहुतेक हिरे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, कवचाखालच्या प्रावरणात तयार झाले, आणि त्यातले बरेचसे जमिनीवर पहिली वनस्पती उगवण्याआधीचे आहेत. कोळसा फार दाबला, तापवला तर ग्रॅफाइटकडे झुकतो.

कोळशात आर्सेनिक, पारा, युरेनियम असतं असं वाचलं. मग प्रत्येक राखेचा ढीग विषारीच समजायचा का?

कोळशात जवळजवळ सगळी मूलद्रव्यं सापडतात. जगभरच्या कोळशाची सरासरी घेतली तर पारा ०.१ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक दशांश भाग. आर्सेनिक आठ-नऊ. युरेनियम दोन-तीन, म्हणजे साध्या खडकात असतं तेवढंच. जाळल्यावर युरेनियम राखेत एकवटतं आणि फ्लाय ॲशमध्ये, म्हणजे धुरासोबत उडणाऱ्या बारीक राखेत, साधारण १० ते ३० पीपीएम मिळतं. काही ग्रॅनाइट, शेल आणि फॉस्फेट खडकही याच पट्टीत बसतात. अपवाद आहेतच. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या काही लिग्नाइटमध्ये इतकं युरेनियम होतं की १९६०च्या दशकात लिग्नाइट मुद्दाम जाळून राखेतून ते काढलं गेलं.

पण सरासरीवर विसंबू नका आणि सरासरीला घाबरूही नका. ते मूलद्रव्य कुठल्या खनिजात बसलंय ते विचारा. पारा आणि आर्सेनिक बहुधा पायराइटमध्ये असतात, म्हणजे धुलाईत पायराइट गेलं की त्यांचाही काही भाग जातो. ही दोन्ही जाळताना वाफ होऊन उडतात, थोरियमसारखी मात्र राखेतच राहतात.

चीनच्या ग्विझो प्रांतातली गोष्ट सांगतो. तिथे ओल्या हवेत मका आणि मिरच्या घरात, धुराडं नसलेल्या कोळशाच्या शेगडीवर वाळवत. काही ठिकाणचा कोळसा सोन्याच्या खनिजीकरणाच्या पट्ट्यातला, आर्सेनिक ३५,००० पीपीएमपर्यंत चढलेलं. ताज्या मिरचीत एक पीपीएमपेक्षा कमी आर्सेनिक असायचं, तिथल्या वाळलेल्या मिरचीत ते ५०० पर्यंत गेलं. किमान ३,००० लोकांना विषबाधा झाली. त्याच प्रांतात आणि आसपास फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर, आणि दोषी अर्थातच कोळसा मानला गेला. पुढे खनिजं तपासली तेव्हा दिसलं की कोळशात फ्लोरिन बेताचंच आहे. कोळशाच्या चुऱ्याचे गोळे वळताना जी चिकणमाती मिसळत, फ्लोरिन मुख्यतः तिच्यातून येत होतं. नुसता कोळसा बदलून हा आजार हटला नसता.

राखेतून दुर्मीळ मृदा धातू काढून श्रीमंत होता येईल का?

सरसकट नाही. कोळशात ते (लँथॅनम, सेरियमसारखे धातू) सरासरी ७० पीपीएमच्या आसपास असतात, भूकवचापेक्षाही कमी. राखेत ४०० पर्यंत जातात, पण तिथे बरेचसे वितळून गार झालेल्या काचेच्या मण्यांत अडकतात. ती काच फोडायला आम्ल लागतं, आम्लाला पैसे लागतात.

जर्मेनियम या अर्धवाहक मूलद्रव्याचं उलट आहे. ते सेंद्रिय भागात बसतं, जाळल्यावर वाफ होऊन पुन्हा बारीक राखेवर जमतं, म्हणजे भट्टी निम्मं काम फुकट करते. १९३०च्या सुमारास भूरसायनज्ञ गोल्डश्मिट यांनी कोळशाच्या राखेत ते दाखवून दिलं. आज चीनच्या युन्नान प्रांतातल्या लिनचांगसारख्या ठिकाणी ते व्यापारी पातळीवर काढतात. तिथे खालच्या ग्रॅनाइटमधून आलेल्या गरम पाण्यानं कोळशात ते शेकडो पटींनी वाढवलं आहे.

भूविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. क्षेत्रकामात कोळशाच्या थरात चार सेंटिमीटरची फिकट, टणक पट्टी दिसली. मैलभर गेलो तरी तीच जाडी. सरांनी ‘मातीची पट्टी’ लिहायला सांगितलं. बरोबर आहे का?

सरांचा मान राखून सांगतो, वहीत प्रश्नचिन्ह ठेवा. नदीच्या पुरानं आणलेली माती अशी वागत नाही. ती एका बाजूला जाड होते, दुसरीकडे विरते, आणि कोळशात हळूहळू मिसळते. वर-खाली सुरीनं कापल्यासारखी कड आणि दूरवर तीच जाडी दिसली की माझ्या मनात पहिला संशय ज्वालामुखीच्या राखेचा येतो. राख दलदलीवर पडते आणि तिथल्या आम्लयुक्त पाण्यात तिच्यातल्या काचेच्या कणांचं केओलिनाइट होतं. अशा पट्टीला टॉनस्टाइन म्हणतात. अमेरिकेच्या अपालाचियन खोऱ्यातल्या ‘फायर क्ले’ नावाच्या कोळसा थरातली अशी एक पट्टी अनेक राज्यांत ओळखता येते. तिचं वय ३१ कोटी वर्षांहून जास्त.

पट्टीचा पातळ छेद करून बघा. अळीसारखे वळलेले केओलिनाइटचे स्फटिक, धारदार कडांचे क्वार्ट्झचे तुकडे, लांबट आणि अजिबात न झिजलेले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे स्फटिक दिसले तर संशय पक्का. झिरकॉनमध्ये युरेनियम आणि शिसं यांचं प्रमाण मोजून त्या स्फोटाचं वय काढता येतं, म्हणजे तुमच्या थराचंही. कोळशाचं वय थेट काढणं एरवी फार अवघड, आणि परागकणांवरून येणारं वय सापेक्ष असतं.

पुन्हा जाल तेव्हा किलो-दोन किलो नमुना आणा, झिरकॉन फार थोडे असतात. वरचा-खालचा कोळसा खरवडून काढा, आणि पिशवीवर बाण काढून वरची बाजू कुठली ते लिहा. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. का, ते पहिल्या उत्तरात आलंच आहे.