दोन डोळ्यांचा नट त्याच पैशात

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑडिशनला ‘हा चेहरा टीव्हीला चालणार नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि आता जिल्हा परिषदेतली नोकरी सोडून मुंबई गाठावी की एकांकिकांनाच रामराम ठोकावा, असं विचारतोस. आज दोन्हींतलं एकही ठरवायचं नाही. त्याऐवजी तुला अमेरिकन नट पीटर फॉल्कबद्दल सांगतो. त्यालाही सरकारी नोकरी होती, आणि चेहऱ्याची अडचण तुझ्यापेक्षा बरीच मोठी.

जन्म न्यूयॉर्कचा, १९२७ सालचा. तिसऱ्या वर्षी डोळ्याच्या कर्करोगामुळे उजवा डोळा काढला. तिथे आयुष्यभर काचेचा. शाळेत बेसबॉल खेळताना पंचांनी बाद दिलं, तेव्हा पठ्ठ्याने तो काचेचा डोळा काढून पंचांपुढे धरला म्हणे. (किस्सा त्याचा त्यानेच सांगितलेला, त्यामुळे मीठमसाला किती ते देव जाणे.) पुढे जहाजावर स्वयंपाकी, मग सिरॅक्यूस विद्यापीठातून १९५३ मध्ये लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी, आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात हार्टफर्डला नोकरी. सरकारी कारभार काटेकोर कसा करावा हे इतरांना सांगायचं, हे त्याचं काम. पहिल्या दिवशी याला ऑफिसची इमारतच सापडली नाही.

नोकरी सांभाळून तो हौशी नाटकं करायचा. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियन या थोर अभिनेत्रीचा वर्ग चाले, फक्त व्यावसायिक नटांसाठी. हा थाप मारून त्यात शिरला. हार्टफर्डहून गाडी हाकत यायचं, म्हणून दर वेळी उशीर. एकदा बाईंनी विचारलं, हार्टफर्डला नट पोट कसं भरतो? तेव्हा कबूल करावं लागलं की आपण व्यावसायिक नाही. त्यावर बाई म्हणाल्या, मग व्हायला हवं. त्याने परत जाऊन राजीनामा दिला. साल १९५६, तिशी उंबरठ्यावर.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. उडी मारण्याआधी हौशी रंगमंचावर त्याच्या बऱ्याच तालमी झाल्या होत्या, आणि ‘नट हो’ असं सांगणारी बाई त्याची कुणी लागत नव्हती. तुला असं कोण म्हणालंय? आई, मित्रमंडळी आणि मी, हे तिघे धरायचे नाहीत.

नोकरी सोडल्यावरही चेहरा आडवा आलाच. कोलंबिया पिक्चर्सच्या प्रमुखाने, हॅरी कोनने, स्क्रीन टेस्टनंतर सांगून टाकलं, की एवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळतो. पण न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहांतून त्याचं काम सुरू राहिलं, आणि १९६०च्या एका चित्रपटातल्या गुंडाच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी दुसरं.

पण माझा जीव अडकलाय तो ‘कोलंबो’ या टीव्ही मालिकेत. १९६८ ते २००३, मधे मोठा खंड पडला तरी, त्याने त्यातला पोलीस लेफ्टनंट कोलंबो केला. त्यासाठी चार एमी, म्हणजे टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले. भूमिका आधी गायक-नट बिंग क्रॉस्बीला विचारली होती, त्याने नाही म्हटलं. या मालिकेत खुनी कोण ते प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळलेलं असतं. म्हणजे रहस्य गेलं. सगळा भार हा माणूस प्रश्न कसे विचारतो यावर. रेनकोट फॉल्कचा स्वतःचा, घरून आणलेला. ती खटारा प्यूजो गाडी स्टुडिओच्या आवारात हिंडून त्यानेच निवडली. आणि चालू दृश्यात तो संहितेत नसलेलं काहीतरी करायचा, खिसे चाचपायचा, भलतंच विचारायचा, जेणेकरून समोरचा नट खरोखरच वैतागावा. तो वैताग कॅमेऱ्यात पकडला जाई.

हे वाचून तू लगेच ‘उत्स्फूर्तता’ म्हणशील. थांब. स्वतःची आणि समोरच्याचीही वाक्यं मुखोद्गत असतील तरच असा गोंधळ घालता येतो. नाहीतर तो खराच गोंधळ होतो, आणि तसे प्रयोग मी पुष्कळ सोसलेत. तुला पाठांतराचा कंटाळा आहे, ते स्पर्धेत पहिल्या रांगेतूनही दिसत होतं. चेहऱ्याचं नंतर बघू.

पैशाचंही लिहितो, कारण तू पगाराबद्दल तुच्छतेने लिहिलंस. दिग्दर्शक जॉन कॅसावेटीसला आपल्या १९७४च्या चित्रपटासाठी कुणी पैसा देईना, तेव्हा फॉल्कने स्वतःचे ५ लाख डॉलर घातले आणि त्यात भूमिकाही केली. ते पैसे टीव्हीच्या लोकप्रियतेतून आले होते. मनासारखं काम करायला गाठीला काही असलेलं बरं.

तेव्हा राजीनामा लिहू नकोस. हक्काची रजा शिल्लक असेल तर स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस टाक. संहिता पहिल्या तालमीलाच पाठ हवी, सगळ्यांची. आणि ज्याची तुझी ओळख नाही अशा एखाद्या दिग्दर्शकाला प्रयोगाला बोलाव, पास तू दे. तो काय म्हणाला ते मला जसंच्या तसं कळव, गोड करून नको.

तुझा,
सर

ता. क. ‘कोलंबो’ मिळाली तर १९७१चा ‘मर्डर बाय द बुक’ आधी बघ. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा वय २४. फॉल्क गप्प असतो तेव्हा हात काय करतात, तेवढं टिपून ठेव.