‘झे’ म्हणजे तळं की समुद्र?

जर्मन शिकताना नुसतं ‘झे’ पाठ करू नकोस, आर्टिकलसकट कर. ‘देअर झे’ म्हणजे तळं, ‘दी झे’ म्हणजे समुद्र. म्हणून बोडनझे हे तळं पुल्लिंगी, तर नॉर्डझे आणि ओस्टझे हे समुद्र स्त्रीलिंगी. मराठीतल्या तो-ती-तेवरून अंदाज बांधायला जाऊ नकोस. आपला सूर्य ‘तो’, त्यांची ‘झॉने’ ‘ती’.

मी याच शब्दावर आपटलोय. मित्राचा मेसेज आला, ‘वीर वारन आन देअर झे’. ‘देअर’ दिसलं, म्हटलं तळ्यावर गेले होते. कसलं काय, गेले होते समुद्रावर! तो डेटिव्ह होता, म्हणजे जर्मनमधली एक विभक्ती, त्यात स्त्रीलिंगी ‘दी’चंच ‘देअर’ होतं. तळ्यावर असते तर ‘आम झे’ लिहिलं असतं. तेव्हा वहीत नुसता अर्थ नको, ‘आम झे’ आणि ‘आन देअर झे’ ही जोडीच लिहून ठेव. ‘झेएन’ हे अनेकवचन मात्र बहुतेक तळ्यांचंच भेटेल.